अल्माटीचे डोंगर, सोबत आई: सहा दिवसांत कुठे चालावं?

त्र्यंबककन्या (९ मार्च)

मंडळी, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सहा दिवस कझाकस्तानातल्या अल्माटीला जायचं ठरलंय. मी, माझा अकरा वर्षांचा मुलगा आणि आई. आई चौसष्ट वर्षांची. माहेर आणि सासर दोन्ही त्र्यंबकेश्वरचं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी तिने गेल्या तीस वर्षांत दोनदाच चुकवली, एकदा करोनात आणि एकदा पाय मुरगळला होता म्हणून. चढाला दमत नाही, उताराला उजवा गुडघा थोडी कुरकुर करतो.

एका सहल कंपनीने कार्यक्रम पाठवलाय: एक दिवस शहर, एक दिवस शिंबुलाकचा रोपवे, एक दिवस पहाटे चारला निघून चारिन दरी, कोलसाई आणि काइंदी तलाव करून रात्री अकराला परत, बाकी खरेदी. आईने तो कागद वाचला आणि विचारलं, "यात चालायचं कधी?"

तर प्रश्न हाच आहे. शहरात राहून, सकाळी बसने किंवा टॅक्सीने निघून, चार-सहा तास डोंगरात चालून संध्याकाळी परत येता येईल अशा वाटा कोणत्या? मे महिन्यात बर्फ असतो का? आणि आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत.

कडेकपारी (९ मार्च)

आईंना माझा नमस्कार सांगा. योग्य प्रश्न विचारलाय त्यांनी.

मी दोन वर्षांपूर्वी नेमका तो एका दिवसाचा चारिन-कोलसाई-काइंदी प्रकार केला. जाऊन-येऊन जवळपास सहाशे किलोमीटर. काइंदीवर आम्हाला पंचवीस मिनिटं मिळाली. पाण्यातून वर आलेली ती सरळसोट झाडं बघून मी नुसता उभा होतो, तोवर गाडीचा हॉर्न वाजला. अजून सलतं ते. रद्द करा हा दिवस.

मुळामुठा (९ मार्च)

कडेकपारी, रद्द कशाला? दोन दिवसांचं करा. तलावांजवळच्या साती गावात लोकांच्या घरी राहायची सोय होते, गरम जेवण मिळतं. सकाळी गर्दीच्या आधी काइंदीवर पोहोचता येतं. १९११ च्या भूकंपात दरड कोसळून ओढा अडला आणि अख्खं सुरूचं वन पाण्यात उभं राहिलं. पाणी इतकं थंड की बुडालेल्या फांद्यांवर पानं अजून टिकून आहेत. हे बघायला सहाशे किलोमीटर जास्त नाहीत, एक दिवस मात्र कमी आहे.

सफरचंदी (१० मार्च)

मी गेली आठ वर्षं अल्माटीत राहते, मूळची साताऱ्याची. धागा बघून राहवलं नाही, जरा लांबच लिहिते.

आधी एक समजून घ्या. या शहराला डोंगर "जवळ" आहेत असं म्हणणं पुरेसं नाही. शहर डोंगराच्या पायावरच वसलंय आणि उत्तरेकडे उतरत गेलंय. इथे पत्ता सांगताना लोक डावं-उजवं कमी, वर-खाली जास्त बोलतात. वर म्हणजे दक्षिण, डोंगराकडे. खाली म्हणजे उत्तर. रस्त्याच्या कडेने पाटासारख्या अरिक वाहतात, त्यांचं पाणी कुठून येतंय ते बघितलं तरी दिशा कळते.

डोंगरांचं नाव इले अलाताउ, तियेन शानची ही उत्तरेकडची रांग. "अला" म्हणजे ठिपक्याठिपक्यांचं, कबरं. "ताउ" म्हणजे डोंगर. मे महिन्यात याल तेव्हा नाव का पडलं ते कळेल: खाली हिरवं, मध्ये सुरूची गर्द झाडी, वर उघडा खडक आणि बर्फाचे पट्टे. सर्वांत उंच तालगार शिखर पाच हजार मीटरला जेमतेम कमी.

तुमच्यासाठी पहिली वाट: कोक-झाइलाउ. दोस्तिक रस्त्यावर हॉटेल कझाकस्तानपाशी १२ नंबरची बस पकडायची. ही वर डोंगरातल्या मेदेउला जाते, पण तुम्ही त्याआधी प्रोस्वेश्चेनेत्स या थांब्यावर उतरायचं. बागबगीच्याच्या छोट्या घरांमधून वाट वर जाते, राष्ट्रीय उद्यानाच्या चौकीवर थोडं शुल्क भरायचं आणि ओढ्याच्या काठाने चढायला लागायचं. सातशे-आठशे मीटरचा चढ आहे. थांबत, खात-पीत गेलात तर तीन तासांत वर मोकळं कुरण लागतं. वरून त्याच वाटेने उतरा. घाई नको, दिवस मोठा असतो.

बर्फ कुरणापर्यंत बहुधा नसेल. तीन हजारांच्या वर असेलच.

अकोलेकर (१० मार्च)

सफरचंदी ताई, फारच छान. एक गंमत सांगतो. अकोला आणि अल्माटी जवळपास एकाच रेखांशावर आहेत, ७७ पूर्वेला. म्हणजे आमच्या घराच्या छतावरून नाकासमोर उत्तरेला निघालं की दिल्ली जराशी उजवीकडे ठेवून, हिमालय आणि काराकोरम ओलांडून थेट तुमच्या दारात. मे महिन्यात आम्ही ४५ अंशांत भाजत असतो तेव्हा त्याच रेषेवर तुमच्याकडे बर्फ, हे वाचून जीव थंड झाला.

कडेकपारी (१० मार्च)

आणखी एक आकडा घ्या अकोलेकर. मेदेउचा बसथांबा समुद्रसपाटीपासून १६९० मीटरच्या आसपास आहे. आपलं कळसूबाई १६४६. बसमधून उतरताच आपण महाराष्ट्राच्या माथ्याच्या वर उभे असतो!

पिठलंभाकरी (१० मार्च)

शाकाहाराबद्दल लिहिते, कारण तिथे माझे पहिले दोन दिवस हाल झाले होते.

"ब्येज म्यासा" म्हणजे रशियनमध्ये मांसाशिवाय, एवढं पाठ करा. पण तेवढ्यावर विसंबू नका. मांसाचे तुकडे काढून टाकले की रस्सा मांसाशिवायचा झाला असं अनेकांना मनापासून वाटतं, त्यात फसवणूक नसते. म्हणून रस्सेदार काही मागवूच नका. तंदुरातला नान, बाउरसाक (आपल्या शंकरपाळ्याचा फुगलेला, बिनसाखरेचा भाऊ), भोपळ्याचं सारण भरलेला सामसा, दही, लोणी, मध, सुका मेवा. या सगळ्यावर मजेत दिवस जातात.

आणि हिरव्या बाजारात कोरियन बायकांच्या सॅलडच्या रांगा आहेत तिथे जाच. १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने सोव्हिएत संघाच्या पूर्व टोकाच्या कोरियन लोकांना उचलून इथे मध्य आशियात आणून टाकलं. कोबी मिळेना तर त्यांनी गाजराची कोशिंबीर केली, लसूण, धणे आणि तिखट घालून. ती आज सगळ्या देशाची झालीय. आपल्या जिभेला एकदम ओळखीची. मासे घातलेली सॅलडंही त्याच रांगेत असतात, तेवढं विचारून घ्या.

डोंगरात जाताना ती गाजराची कोशिंबीर नानमध्ये गुंडाळून न्या. घरून दशम्या आणि शेंगदाण्याचे लाडू.

त्र्यंबककन्या (१० मार्च)

पिठलंभाकरी ताई, आईने तुमचा प्रतिसाद दोनदा वाचून घेतला. लाडवांचं प्रमाण ठरलंय, वीस.

सफरचंदी, कोक-झाइलाउ पक्कं. मेदेउचं धरण आणि त्याच्या पायऱ्या बघण्यासारख्या आहेत का? एका ठिकाणी वाचलं की नुसता सिमेंटचा जिना आहे, वेळ घालवू नका.

मुळामुठा (११ मार्च)

८४२ पायऱ्या, बाजूने गाड्यांचा रस्ता, वर पोहोचल्यावर भराव. माझं मत: वगळा. व्यायामाला येतात तिथले लोक.

निवृत्त_नाना (११ मार्च)

मुळामुठा, तुमचं मत तुमच्याजवळ, पण या एका बाबतीत मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली. २०१९ मध्ये मुलाबरोबर तिथे गेलो होतो आणि त्या भरावावर मी दोन तास बसून होतो. तो "जिना" ज्यावर आहे ते काय आहे हे कळलं की एकही पायरी रुक्ष वाटणार नाही.

ते पाणी साठवायचं धरण नाहीच. तिथे मागे जलाशय नाही, रिकामी दरी आहे. ती रिकामी ठेवायची असते. तिथल्या डोंगरांचा मोठा शत्रू म्हणजे सेल. वर हिमनदी मागे सरते तेव्हा तिने आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या बांधामागे वितळलेलं पाणी साठतं. तो बांध म्हणजे नुसता ढिगारा, त्यात चिकणमातीचा गाभा नाही, पाया नाही, सांडवा नाही. एखाद्या गरम उन्हाळ्यात तो फुटतो आणि पाणी, चिखल, खोलीएवढे दगड असं सगळं एकत्र दरीतून खाली येतं. आपल्याकडच्या पुराशी त्याची तुलना करू नका. ओल्या काँक्रीटची नदी डोळ्यांसमोर आणा.

जुलै १९२१ मध्ये असा सेल रात्रीतून शहरात शिरला, सुमारे पाचशे माणसं गेली. जुलै १९६३ मध्ये पूर्वेकडच्या इस्सिक तलावात सेल आला, तलावाचा नैसर्गिक बांध फुटला आणि सहलीला आलेले लोक वाहून गेले. त्यानंतर मेदेउला बांध घालायचं काम हाती घेतलं. पण दरी अरुंद, भराव वाहून न्यायला वेळ नाही. म्हणून १९६६ आणि १९६७ मध्ये दोन्ही बाजूंच्या डोंगरांत हजारो टन स्फोटकं पेरून कडे नेमके दरीत पाडले. डोंगरानेच डोंगराला बांध घातला. मग त्यावर भराव वाढवत नेला.

आणि १५ जुलै १९७३ ला वरून तुयुकसू हिमनदीच्या बाजूचा तलाव फुटला. सगळा लोंढा येऊन या बांधाला थडकला आणि बांध टिकला. पण खरी परीक्षा पुढे होती. पाणी सोडायच्या वाटा गाळाने बुजल्या, मागे पाणी चढत चाललं आणि भरावातून झिरपायला लागलं. मिळतील तिथून पंप आणि पाइप आणून लोकांनी रात्रंदिवस पाणी उपसलं. नंतर बांध आणखी उंच केला, आता तो दीडशे मीटरच्या आसपास आहे.

पानशेतच्या वेळी मी शाळेत होतो, पुण्यात. १२ जुलै १९६१. आमचं घर वाचलं, शेजारच्या पेठेतली माझ्या मित्राची खोली वाचली नाही. त्यामुळे तो १९७३ चा बांध बघताना माझ्या मनात काय आलं असेल ते समजून घ्या. टिकलेला बांध आहे तो. आईंना जरूर घेऊन जा. पायऱ्यांना मध्ये मध्ये बाक आहेत.

मुळामुठा (११ मार्च)

नाना, शब्द मागे घेतो. मला यातलं काही माहीत नव्हतं. पुढच्या वेळी गेलो तर आधी तिथेच जाईन.

शब्दवेडी (११ मार्च)

नाना, अंगावर काटा आला.

थोडं अवांतर. "सेल" हा शब्द मूळ अरबी, पूर किंवा लोंढा या अर्थाचा. तिथून मध्य आशियातून रशियनमध्ये गेला. आणि सफरचंदी, तुमचा तो "दोस्तिक" रस्ता म्हणजे आपल्या दोस्तीचाच ना? कझाक भाषेत फारसी-अरबी वाटेने आलेले किती शब्द आपल्या घरातले आहेत: दोस = दोस्त, बजार = बाजार, नान, आप्ता = हप्ता, कितप = किताब, जवाप = जबाब, दुनिये = दुनिया, बदाम तर आहे तसाच. चहाला "शाय". आईंनी तिथे बाजारात सरळ मराठीत भाव केला तरी अर्ध्याच्या वर निभेल.

सफरचंदी (११ मार्च)

शब्दवेडी, अगदी दोस्तीचाच रस्ता. आणि "अल्मा" म्हणजे सफरचंद. मेच्या सुरुवातीला डोंगरउतारांवर रानटी सफरचंदं फुलात असतात. जगभरच्या सफरचंदांचं मूळ याच झाडांत आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव हे १९२९ मध्ये इथे आले, डोंगरात चहूकडे सफरचंदांची राने बघितली आणि हेच या फळाचं माहेर असं त्यांनी सांगितलं. शहर वाढत गेलं तशी ही राने आक्रसत गेली, याचं इथल्या लोकांना फार दुःख आहे.

कोक-झाइलाउही असंच जाता जाता वाचलं. "कोक" म्हणजे निळं, आणि हिरवंही. "झाइलाउ" म्हणजे उन्हाळ्यात गुरं-घोडी चरायला न्यायचं कुरण. तिथे मोठं स्की संकुल होणार होतं. शहरातले लोक वर्षानुवर्षं विरोध करत राहिले, सह्या, सभा, सगळं. शेवटी ऑक्टोबर २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी तो प्रकल्प थांबवला. म्हणून मी पाहुण्यांना पहिल्यांदा तिथेच पाठवते. तिथे आज चालता येतं ते लोक अडून बसले म्हणून.

बिश्केकचा_बंड्या (१२ मार्च)

दादा-ताईंनो, मी लातूरचा, बिश्केकला एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला आहे. अल्माटीहून रस्त्याने चार-पाच तासांवर. आमच्या डोंगराचं पण ऐका की!

आला-अर्चा राष्ट्रीय उद्यान, शहरापासून ४० किमी. "अर्चा" म्हणजे जुनिपरचं झाड, बोटात चुरगाळलं की देवघरातल्या धुपासारखा वास येतो. आम्ही चौघं मिळून टॅक्सी करतो, दोन तासांत अक-साई धबधब्यापर्यंत चढतो. त्याच्या वर रात्सेक नावाचा गिर्यारोहकांचा निवारा आहे, ३३०० मीटरच्या वर. पहिल्या वर्षी मी तिथे कॅनव्हासचे बूट घालून गेलो. घसाऱ्यावर पाय सरकला आणि मी पाच-सहा फूट खाली गेलो, तळहात सोलले. एका वयस्कर किर्गीझ काकांनी काही न बोलता पाठपिशवीतून पाणी काढून हात धुतले, पट्टी बांधली, आणि मला धबधब्यापर्यंत खाली आणून सोडलं. त्यांची भाषा मला तेव्हा येत नव्हती. आता येते, पण ते परत भेटले नाहीत.

परीक्षा झाली की आम्ही डब्यात पोहे भरून तिथे जातो. इथे कढीपत्ता मिळत नाही, कुणी इकडे येत असेल तर आणा.

पिठलंभाकरी (१२ मार्च)

बंड्या बाळा, बूट चांगले घे आधी. कढीपत्ता वाळवून, कागदात बांधून कुणाबरोबर तरी पाठवते.

हिमगौरी (१४ मार्च)

बिग अल्माटी तलावाचं कुणी लिहिलं नाही? फोटोत तर सगळीकडे तोच दिसतो.

सफरचंदी (१४ मार्च)

सुंदर आहे यात शंका नाही. २५०० मीटरवर, ऋतूप्रमाणे रंग बदलतो. पण ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. काठावर उतरायला बंदी आहे, वरूनच बघायचं. खासगी गाड्यांना वरपर्यंत सोडत नाहीत, त्यामुळे खालून लांब चालावं लागतं. जाड्या पाण्याच्या पाइपाच्या बाजूने जी खडी वाट आहे ती उतारावर गुडघ्यांना वाईट. शिवाय पलीकडे किर्गिझस्तानची हद्द जवळ, पहारा असतो, पासपोर्ट जवळ लागतो. त्र्यंबककन्या, आईंच्या गुडघ्याचा विचार करून मी तुम्हाला हे सुचवणार नाही.

दुसऱ्या दिवसासाठी मेदेउहून फुरमानोव शिखराची धार घ्या. शिखर तीन हजारांच्या वर आहे, तिथवर जायचा हट्ट नको. मधल्या धारेवर झोपाळा टांगलेला आहे, तिथपर्यंत गेलात तरी एका बाजूला शहर आणि त्यापलीकडे गवताळ सपाट प्रदेश, दुसऱ्या बाजूला हिमशिखरं. मुलाला आवडेल.

आणि आता कळकळीने काही सांगते.

मे-जूनमध्ये दुपारनंतर वीज-गारांचा पाऊस येतो. सकाळी निळंशार असलेलं आभाळ एकच्या सुमाराला काळं होतं. इथलं घड्याळ १ मार्च २०२४ पासून एक तास मागे आलंय, आता भारतापेक्षा अर्धा तास मागे. मे महिन्यात पहाटे पाचच्या आधी उजाडतं आणि संध्याकाळी सव्वासातला सूर्य मावळतो. म्हणून सहाला निघा, बाराला उतरायला लागा. धारेवर असताना ढग जमले तर शिखर कितीही जवळ दिसो, मागे फिरा.

गोचिडी. एप्रिल ते जून गवतात आणि झुडपांत फार असतात आणि त्यांच्यातून मेंदूज्वर होऊ शकतो. फिक्या रंगाची पूर्ण पँट, ती मोज्यात खोचलेली, गवतात लोळायचं नाही, घरी आल्यावर काखा, मानेचा मागचा भाग, गुडघ्याची खोबण नीट तपासायची. लस असते, डॉक्टरांना विचारा. गोचीड चिकटली तर तेल-बिल न लावता दवाखाना गाठा.

अडचणीत ११२.

हिमगौरी (१४ मार्च)

आणि रोपवे? आमच्या घरातले ज्येष्ठ चालू शकत नाहीत, त्यांच्यासाठी विचारते.

कडेकपारी (१४ मार्च)

रोपवे उत्तम आहे, जरूर न्या. मेदेउ ते शिंबुलाक साडेचार किलोमीटर, मग आणखी दोन टप्पे करून तालगार खिंडीत ३२०० मीटरवर. फक्त तासाभरात दीड हजार मीटर वर जातो आपण. माझ्या वडिलांचं वर पोहोचताच डोकं गरगरलं. शिंबुलाकला (२२६० मीटर) तासभर बसा, चहा प्या, मग पुढे जा. वारा असला की वरचे टप्पे बंद ठेवतात.

निवृत्त_नाना (१५ मार्च)

खिंडीतून तुयुकसू हिमनदीच्या बाजूला नजर टाका. १९५७ पासून तिची सलग मोजणी चाललीय. दरवर्षी ती मागे सरतेय. माझ्या मुलाने विचारलं, "बाबा, वरचं बर्फ संपलं की खाली पाणी कुठलं?" मी आयुष्यभर पाण्याचे हिशेब केले, मला तिथे उत्तर देता आलं नाही. उन्हाळ्यात वरच्या तलावांचं पाणी सायफनने उतरवत राहतात, म्हणजे बांध फुटू नये. ते काम करणाऱ्यांना माझा सलाम.

त्र्यंबककन्या (२४ मे)

मंडळी, जाऊन आलो! आता लिहितेच, नाहीतर राहून जाईल.

पहिल्या दिवशी मेदेउचं धरण. आई ८४२ पायऱ्या मोजत चढली. तिची मोजणी ८३९ भरली, म्हणून उतरताना मुलाने परत मोजल्या. वर गेल्यावर नानांचा प्रतिसाद तिला मोठ्याने वाचून दाखवला. ती मागच्या रिकाम्या दरीकडे बराच वेळ बघत राहिली. मग हात जोडले. नाना, आम्ही बाकावर बसलो तेव्हा तुमची आठवण काढली.

दुसरा दिवस कोक-झाइलाउ. सहाची बस. ओढ्यावरचे लाकडी साकव, सुरूच्या झाडीतला गारवा, आणि मधूनच उतारावर पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलेली सफरचंदाची झाडं. आई प्रत्येक झाडाला हात लावून पुढे जायची. एका ठिकाणी चढ खडा झाला तशी ती थांबली. वरून तिच्याच वयाची एक कझाक बाई उतरत होती, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात सुरूच्या फांदीची सोललेली काठी. तिने आईकडे बघितलं, गुडघ्याकडे बोट दाखवलं, आईने मान हलवली. झालं, काठी आईच्या हातात. मग दोघी शेजारी दगडावर बसल्या. आईने लाडू काढला, तिने खिशातून कापडाची पुरचुंडी सोडली. आत पांढरे, सुपारीपेक्षा मोठे, दगडासारखे गोळे. कुर्त म्हणतात, आंबट दह्याचा चक्का मीठ घालून वाळवलेला. आईने दाताखाली धरला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं, आपल्या उन्हाळ्यातल्या सांडग्यासारखं, पण ताकातलं." दोघी पंधरा-वीस मिनिटं बोलत होत्या. एक मराठीत, एक कझाकमध्ये. मला त्यातले "बाला" आणि "नान" एवढेच कळले. बाला म्हणजे मूल हे नंतर विचारलं.

वर कुरणात घोडी सुटलेली, पायात दोन-दोन बोटं पिवळी फुलं. दशम्या तिथेच खाल्ल्या.

चौथ्या दिवशी फुरमानोवची धार. झोपाळ्यापर्यंत साडेनऊला पोहोचलो. मुलगा "शिखर, शिखर" करत होता आणि खरं सांगते, मलाही जायचं होतं. आभाळात एकच ढग होता. आई त्याच्याकडे बघत म्हणाली, "ब्रह्मगिरीवर असा ढग बसला की गंगाद्वारला थांबायचं नसतं. चला." मी थोडा वाद घातला. बारा वाजता मेदेउच्या बसमध्ये बसलो आणि काचेवर गारा वाजायला लागल्या, हरभऱ्याएवढ्या. मुलगा खिडकीतून वर बघत होता, आजीचा हात धरून.

मुळामुठा, साती गावात एक रात्र राहिलो, काइंदीवर सकाळी सातला पोहोचलो. त्या तळ्यावर आम्ही तिघंच होतो, दीड तास. त्यासाठी तुमचे खूप आभार.

मुळामुठा (२४ मे)

मन भरून आलं वाचून. आईंना सांगा, त्यांच्या पायरीगणतीवर माझा विश्वास आहे.

कडेकपारी (२४ मे)

दीड तास! आता मला परत जावंच लागणार.

बिश्केकचा_बंड्या (२५ मे)

ताई, पुढच्या वेळी आजींना घेऊन बिश्केकला या. कढीपत्ता पोहोचला, पिठलंभाकरी काकू. अख्ख्या मजल्यावर फोडणीचा वास गेला, मणिपूरची पोरंसुद्धा ताट घेऊन आली. बूट पण घेतले.

सफरचंदी (२५ मे)

त्र्यंबककन्या, त्या दिवशी दुपारी मी खाली शहरात होते आणि गारा पडताना मला तुमचीच काळजी लागली होती. आईंनी बरोबर केलं. सप्टेंबरमध्ये पुन्हा या, फळं धरतात तेव्हा. रानटी सफरचंद छोटं आणि तुरट असतं, पण एकदा चाखलं पाहिजे.

ती काठी विमानात घेऊ दिली का?

त्र्यंबककन्या (२५ मे)

आणलीच नाही. उतरून आल्यावर आईने ती प्रोस्वेश्चेनेत्सच्या वाटेवर, पहिल्या कुंपणाला टेकवून ठेवली. तिथे आधीच तीन काठ्या होत्या.